भाता आणि परात

सायकलच्या पंपाचं तोंड दादाने अंगठ्याने घट्ट दाबून धरलं आणि मला म्हणाला, "मार." मी दहा-बारा वेळा दांडा खालीवर केला. "आता बुडाशी हात लाव." बोटं टेकवली आणि झटक्यात मागे घेतली. चांगलाच तापला होता पंप.

"कशाने तापला?"

"घासून."

"घासून थोडासा. बाकी सगळं हवेचं. हवा दाबली की तापणारच. तिला गार कसं करायचं, हेच गेली दोन वर्षं चाललंय माझं."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मूळचा चिंचवडचा, गेली पंचवीस वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या एका उपनगरात. नोकरी मोटारींचीच, आणि घरी आल्यावर वेडही मोटारींचंच. मी पुण्यात गाड्यांवर लिहितो, त्यामुळे आमचं फोनवरचं निम्मं बोलणं इंजिनांवर असतं. उन्हाळ्यात तीन आठवडे त्याच्याकडे राहिलो ते खास एका कामासाठी. त्याच्या १९९४ सालच्या लाल माझदा मियातावर बसवलेला सुपरचार्जर आणि त्याच्या जोडीचा चार्ज कूलर उघडून, बघून, पुन्हा बसवून रस्त्यावर चालवायचा होता. जुनी चालती गाडी, रोजच्या रस्त्यावरची, शर्यतीची नव्हे. अशा गाडीत एवढं मोठं यंत्र घालताना नेमकं काय काय करावं लागतं, ते मला कागदावरून नाही, हाताने समजून घ्यायचं होतं.

मियाता ही दोन माणसांची उघडी गाडी. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा असल्या हलक्या, स्वस्त, मागच्या चाकांवर चालणाऱ्या इंग्रजी धाटणीच्या गाड्या जवळपास संपल्याच होत्या. सुरुवातीला १६०० सीसीचं इंजिन होतं, १९९४ पासून अमेरिकेत १८३९ सीसीचं आलं, १२८ हॉर्सपॉवरचं. वजन जेमतेम टनभर. स्टिअरिंग असं की चाकाखाली खडा आला तर तळहाताला कळावं. दादाला यातलं काहीच बदलायचं नव्हतं. त्याला फक्त महामार्गावर शिरताना मागून येणाऱ्या ट्रकच्या पुढे सुखाने निघता यावं, एवढा पिकअप हवा होता. मोठं इंजिन बसवलं तर गाडीचं नाक जड होतं आणि मग ती मियाता राहत नाही. तेव्हा उरलेला मार्ग एकच, आहे त्याच इंजिनाला जास्त हवा द्यायची.

साधं इंजिन स्वतःच्या ताकदीने श्वास घेतं. पिस्टन खाली जातो, पोकळी होते, बाहेरच्या वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. त्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल, आणि पेट्रोलच्या हिशेबाने ताकद. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, पण हवेवाचून ते जळणार नाही. लोहाराच्या शाळेतलाच धडा हा. कोळसा कितीही घातला तरी भाता मारल्याशिवाय लोखंड लाल होत नाही.

भात्याची आठवण इथे उगाच काढत नाही. दादाने ज्या जातीचा सुपरचार्जर बसवला आहे, त्याचा जन्म भात्यासारखाच झाला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीला पर्याय शोधताना त्यांनी एका पेटीत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन गोळे बसवले. पाण्यावर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण हवा मात्र त्यातून जोरात येऊ लागली. १८६० मध्ये पेटंट मिळालं आणि 'रूट्स ब्लोअर' भट्ट्या फुंकायला, खाणीत हवा खेळवायला लागला. मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पुढे १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलरने आपल्या इंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पना पेटंटात नोंदवली, १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जरवाल्या गाड्या विक्रीसाठी मांडल्या, आणि भाता मोटारीत आला तो आलाच.

दादाच्या बाकावर तो उघडा पडला होता. ॲल्युमिनियमची जड पेटी, तोंडाशी पुली. "हळूच फिरव," तो म्हणाला. पुली फिरवली तसे आतले दोन रोटर एकमेकांच्या पोटातून पिळे काढत फिरले. प्रत्येकाला तीन पाकळ्या, पाकळीला पीळ, आणि दोघांच्या मधे केसाएवढी फट. ते एकमेकांना कधीच शिवत नाहीत, की पेटीच्या भिंतीला घासत नाहीत. एकमेकांपासून अंतर राखण्याचं काम पलीकडच्या टोकाला तेलात बुडालेली दोन दातेरी चाकं करतात. त्या तेलाचा वास बोटांना दिवसभर राहिला.

हा ईटन कंपनीचा एम-६२. नावातच माप आहे. एका फेऱ्यात ६२ घनइंच, म्हणजे साधारण एक लिटर हवा तो पुढे ढकलतो. दुधाची एक पिशवी. मियाताचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात त्याच्या आकारमानाच्या निम्मी, म्हणजे ९२० सीसी हवा घेऊ शकतं, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच घेतं. आता पट्ट्याने भाता असा जोडला, की क्रँकच्या एका फेऱ्याला त्याचे सव्वा-दीड फेरे व्हावेत, तर मागून येणारी हवा पुढच्या घेणाऱ्यापेक्षा जास्त होते. ती जाणार कुठे? मॅनिफोल्डमध्ये गर्दी करते. दाबाच्या काट्यावर जो आकडा दिसतो तो या गर्दीचा.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रूट्स जातीचा भाता स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही. तो नुसती पुढे नेऊन टाकतो. संध्याकाळी सहाला दादर स्टेशनावर माणसं लोकलच्या दारातून आत लोटली जातात, पण चेंगरतात ती आत, आधीच्या गर्दीला भिडल्यावर. तसंच. रोटरची पाकळी बाहेरच्या तोंडाशी उघडली, की मॅनिफोल्डमधली दाबलेली हवा उलटी मागे धावते आणि नव्या हवेवर आदळते. त्या धडकेत हवा दाबली जाते आणि गरजेपेक्षा जास्त तापते. ॲल्फ लायशोम या स्वीडिश इंजिनिअरच्या नावाने ओळखला जाणारा मळसूत्री सुपरचार्जर पोटातच हवा पिळतो, म्हणून तो कमी तापतो. पण तो महाग, आणि साध्या चालीत त्याला बिनदाबाचं फिरवणं कठीण. रूट्स भाता मात्र पायाखालच्या पहिल्या इंचापासून साथ देतो, टर्बोसारखी वाट बघायला लावत नाही. रोजच्या रस्त्यावर हीच गोष्ट हवी असते, म्हणून उष्णतेचा शाप पत्करूनही दादाने हा घेतला.

शाप किती मोठा, ते त्याने मला फळ्यावर मांडून दाखवलं. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर खरंच एक फळा आहे, पोरीच्या लहानपणचा. बाहेरची हवा ३० अंश. दाब दीडपट करायचा, म्हणजे वातावरणाच्या वर अर्धा बार बूस्ट, तिथल्या भाषेत सात पाउंडांच्या जरा वर. यंत्र अगदी आदर्श असतं तर हवा ६७ अंशांवर गेली असती. पण हा भाता साठ टक्क्यांच्या घरातला. तेव्हा हवा बाहेर पडते ९२ अंशांची. उकळत्या पाण्याच्या अगदी जवळ. तापलेली हवा फुगते, पातळ होते. हिशेब केला की दाब दीडपट, पण इंजिनात गेलेली खरी हवा जेमतेम सव्वापट. निम्मा फायदा उष्णतेने वाटेतच गिळला. आणि भाता फुकट फिरत नाही. इंजिनाच्या मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांना त्याला फिरवायला सुमारे ११ हॉर्सपॉवर लागतात, त्या इंजिनाकडूनच.

"लोक मला विचारतात, किती बूस्ट? मी म्हणतो, किती अंश?" दादा म्हणाला. मला वाटतं, या विषयावर वाचलेल्या-ऐकलेल्या सगळ्यात एवढं एक वाक्य धरून ठेवलं तरी पुरे. काट्यावरचा दाब ही अडलेल्या हवेची गर्दी आहे. सिलिंडरला दाट हवा हवी असते, आणि हवा दाट होते ती गारव्याने.

उष्णतेचं दुसरं देणं जास्त भयंकर आहे. गरम हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरमध्ये पुन्हा दाबलं जातं, या इंजिनात नऊपट. स्पार्क पडून ज्योत पसरेपर्यंत कोपऱ्यातलं मिश्रण वाट बघत नाही, आपणच भडकतं. त्यालाच मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. चढावर टॉप गिअरमध्ये जुनी फियाट खडखड करायची, तो हाच आवाज. साध्या इंजिनाला तो थोडाफार सोसतो. हवा भरलेल्या इंजिनात काही सेकंदांचं नॉकिंग पिस्टनच्या कडा खाऊन टाकतं. उपाय म्हणजे स्पार्क उशिरा द्यायचा, पेट्रोल जास्त घालायचं. दोन्हींनी कमावलेली ताकद परत जाते. मिशिगनच्या पंपावर ९३ आकड्याचं पेट्रोल मिळतं, आणि तिथला आकडा वेगळ्या पद्धतीने काढत असल्यामुळे तो आपल्या हिशेबाने साधारण ९८ होतो. म्हणजे इंधन चांगलं. तरीही ९२ अंशांच्या हवेपुढे ते पुरत नाही.

म्हणून परात.

आमच्या घरी तान्ह्या पोराचं दूध लवकर निववायचं असलं, की आजी पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवायची आणि दूध ढवळत राहायची. थोड्या वेळाने परातीतलं पाणी कोमट व्हायचं, मग ते ओतून नवं घालायचं. चार्ज कूलर म्हणजे हुबेहूब हेच. भात्यातून निघालेली हवा इंजिनात जाण्याआधी ॲल्युमिनियमच्या बारीक पाकळ्यांच्या एका गाभ्यातून जाते. पाकळ्यांच्या आतून पाणी वाहतं. पाणी हवेची उष्णता उचलतं, छोट्या विजेच्या पंपाने गाडीच्या नाकाशी जातं, तिथल्या वेगळ्या जाळीत वाऱ्याने गार होतं आणि परत येतं. इंजिनाच्या रेडिएटरचं पाणी इथे चालत नाही, कारण ते आधीच नव्वद अंशांचं. त्यामुळे दोन स्वतंत्र पाणीवाटा, दोन जाळ्या.

दुसरी सोपी रीत आहे, हवेनेच हवा गार करण्याची. आपल्याकडच्या ट्रकवर 'टर्बो' आणि 'इंटरकूलर' हे शब्द रंगवलेले असतात, ते बहुतेक या जातीचे. स्कॉर्पिओच्या बॉनेटवरचं उघडं नाक त्यासाठीच आहे, त्याच्या खाली इंटरकूलर आडवा पडलेला असतो. मिनी कूपर एसच्या २००२ सालच्या गाडीतही भाता पुढे, इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आणि बॉनेटला तसंच नाक. या रीतीत पंप नाही, पाणी नाही, गळती नाही. पण तिला जाड नळ्या लागतात. मियाताच्या बॉनेटखाली तर हात घालायला जागा नाही, तिथे भात्यातून नाकाशी आणि नाकापासून परत अशी अडीच इंची नळी कुठून न्यायची? पाण्याच्या नळ्या बोटभर जाड, कुठूनही वळतात. शिवाय पाणी वजनाला वजन धरलं तरी हवेच्या चौपट उष्णता पोटात घेतं, आणि आकाराला आकार धरला तर साडेतीन हजार पट.

शब्दाबद्दल एक सांगायला हवं. 'इंटरकूलर' म्हणजे मधला, दोन टप्प्यांच्या मधे बसणारा. विमानाच्या इंजिनांतही हा शब्द चालायचा. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनावर स्टॅनली हूकर नावाचा गणिती काम करत होता. तो १९३८ मध्ये कंपनीत आला तो वाऱ्याचं गणित घेऊन. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानाला भाता लागतोच. एका टप्प्याने पुरेना तेव्हा एकामागे एक दोन भाते लावले. दोनदा दाबलेली हवा इतकी तापली, की तिला गार केल्याशिवाय इंजिनात घालणं म्हणजे इंजिन फोडणंच. मग पाणी आणि ग्लायकॉलची वेगळी वाट, वेगळा पंप, वेगळा रेडिएटर. १९४२ मध्ये हे मर्लिन ६१ स्पिटफायरच्या नवव्या आवृत्तीत बसलं. आधीच्या स्पिटफायरच्या पंखांखाली एका बाजूला मोठी पेटी आणि दुसऱ्या बाजूला बारीक, असं असायचं. नवव्यात दोन्ही पेट्या सारख्या झाल्या, कारण भरलेल्या हवेच्या गारव्यासाठी जास्तीची जाळी लागली. लांबून बघूनही ओळखता येणारा हा फरक. दादाच्या मियाताच्या बंपरमागची दुसरी जाळी मी वाकून बघितली तेव्हा मला तेच पंख आठवले. ऐंशी वर्षांपूर्वीची रचना जशीच्या तशी, फक्त आकाराने वहीएवढी.

परातीचा हिशेबही फळ्यावर झाला. पूर्ण जोर लावला की गाभ्याला सुमारे ६ किलोवॉट उष्णता उचलावी लागते. आपल्या न्हाणीघरातले २ किलोवॉटचे तीन गिझर एकदम चालू करावेत, तेवढी. पाणी सगळं मिळून पाच लिटर. म्हणजे दहा सेकंद पाय दाबून धरला, तर पुढची जाळी काहीही करत नाही असं धरूनही पाणी तीनच अंश चढतं. रस्त्यावर कोण दहा सेकंदांहून जास्त वेळ पूर्ण जोर लावतो? ट्रकच्या पुढे गेलात, पाय उचललात, पुढची पाच मिनिटं वारा पाण्याला निववतो. रोजच्या गाडीला पाण्याची रीत शोभते ती या विश्रांतीमुळे. शर्यतीच्या वर्तुळावर वीस मिनिटं सलग दामटलं तर परातीतलं पाणी कोमट होणार आणि तिथे तीच रीत कमी पडणार. गाभ्याने सत्तर टक्के काम चोख केलं तर ९२ अंशांची हवा ४९ वर येते. पाकळ्यांतून जाताना थोडा दाब हरवतो, तो वजा केला तरी हवा जवळपास १.३८ पट. नुसता भाता सव्वापट, परातीसकट पावणेदोनपट नव्हे पण सव्वापटीच्या बरीच पुढे. कागदावर १२८ चे १६५ च्या आसपास होतात, भात्याची मजुरी वजा जाता.

मी एक शंका काढली. लोटसने २००८ मध्ये एलिस गाडीला सुपरचार्जर लावला तो कूलरशिवाय, आणि ताकद कूलरवाल्या एक्सिज एस इतकीच सांगितली. मग? दादाने लगेच मान्य केलं. त्या गाडीत ईटनचे नव्या घडणीचे, चार पाकळ्यांचे, जास्त पीळ असलेले रोटर होते, ते मुळातच कमी तापतात. आणि कारखान्याने इंजिनाचा सगळा नकाशा त्या तापमानाला धरून आखला होता. वजन वाचलं, मागची काच मोकळी झाली. "ज्याच्याकडे चाचणीचे बाक आहेत आणि शंभर इंजिनं फोडायची ऐपत आहे, त्याने कूलर काढावा. माझ्याकडे एक इंजिन आहे." हे मला पटलं.

यातलं सगळ्यात जिवावरचं प्रकरण एका लहानशा सेन्सरचं. भात्याचं किट ज्यांच्याकडून आलं, त्यांच्या सूचनांत हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मूळ जागी, म्हणजे भात्याच्या आधी ठेवायला सांगितलं होतं. संगणक बिचारा बाहेरची ३० अंशांची हवा बघायचा आणि त्या हिशेबाने स्पार्क द्यायचा. आत शिरत होती नव्वदची. सुदैवाने दादाला पहिल्याच आठवड्यात खडखड ऐकू आली. त्याने सेन्सर गाभ्याच्या पलीकडे, सिलिंडरच्या तोंडाशी नेला आणि कारखान्याचा संगणक काढून मेगास्क्वर्ट बसवला. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी हौशी लोकांसाठी, घरी सोल्डर करून बांधता येईल असा हा संगणक तयार केला आणि जगभरच्या गॅरेजांत तो पोचला. आता प्रत्येक दाबाला, प्रत्येक फेऱ्याला, प्रत्येक अंशाला किती पेट्रोल आणि किती स्पार्क, हा तक्ता दादाने स्वतः भरलेला आहे. एकेक चौकोन, रात्री रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून, वहिनींना शेजारी लॅपटॉप घेऊन बसवून. "आमचं फिरणं म्हणजे हेच," वहिनी म्हणाल्या, आणि त्यात तक्रार नव्हती. तक्ता त्यांनाही तोंडपाठ आहे.

सगळं पुन्हा बसवून झालं त्या शनिवारी पहिली फेरी मारली. संगणकाच्या पडद्यावर हवेचं तापमान चढत गेलं. ६०, ७१, ८०. पाय उचलल्यावरही उतरेना. ८८ ला दादाने गाडी कडेला घेतली. पंपाची घूंऽऽ ऐकू येत होती, फ्यूज ठीक, पाणी भरलेलं. त्याने बॉनेट उघडलं आणि मला सांगितलं, "गाभ्यात जाणारी नळी एका हातात धर, येणारी दुसऱ्या हातात." धरल्या. दोन्ही सारख्याच. एकही हात दुसऱ्यापेक्षा गरम लागेना. पाणी वाहत असतं तर जाणारी गार आणि येणारी कोमट लागली असती.

"हवा धरली," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

आजोबांच्या विहिरीवरची मोटर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हवा धरायची. मोटर फिरायची, आवाज यायचा, पाट कोरडा. मग आजोबा वरची चावी उघडून कळशीने पाणी ओतत राहायचे, हवा बुडबुडत बाहेर पडेपर्यंत. मियातातही तेच झालं होतं. गाभा हा त्या पाणीवाटेतला सगळ्यात उंच भाग, आणि आम्ही भरताना अडकलेली हवा तिथेच जाऊन बसली होती. घरी येऊन गाडीचं नाक जॅकने उचललं, आता भरण्याचं तोंड सगळ्यात वर आलं. गाभ्याच्या माथ्यावरचा पितळी स्क्रू दोन आटे सैल केला. पंप चालू. मी खालच्या नळ्या गाईची धार काढावी तशा दाबत गेलो, दादा वरून थेंबथेंब पाणी घालत गेला. आधी फुसफुस, मग बुडबुड, मग फेस, मग एकदम स्वच्छ पाण्याची धार स्क्रूच्या कडेने दादाच्या मनगटावर आली. पाऊण लिटर पाणी अजून मावलं. वहिनींनी आणलेला चहा तोवर गार झाला होता, आम्ही तो तसाच प्यायलो.

मी विचारलं, हे पुण्यात करता येईल का? हाताने करता येईल, तसे कारागीर आहेत. पण रस्त्यावर आणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ नोंदीतले तपशील बदलू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. विमाही हातचा जातो. मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक मुदतीने तपासणीच नाही, पण प्रदूषणाच्या यंत्रणेत छेडछाड करायला तिथेही देशाचा कायदा मनाई करतो. दादाने म्हणूनच धूर गाळणारं कन्व्हर्टर हलवलेलं नाही. कॅलिफोर्नियात तर प्रत्येक किटला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो आणि तो बॉनेटखाली चिकटवावा लागतो. मला ही पद्धत आपल्याकडे यावीशी वाटते. आमच्याकडे वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासून गाड्या तपासते आहे. बदल सरसकट बंद ठेवण्यापेक्षा तपासून, शिक्का मारून परवानगी दिली, तर चोरून होणारी वाईट कामं थांबतील आणि चांगल्या हातांना काम मिळेल. कारखान्यातून येणारा सुपरचार्जर तर आपल्या रस्त्यांनी पाहिलेला आहे. पुण्यात जोडल्या गेलेल्या मर्सिडीज सी-क्लासच्या डिकीवर 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं असायचं, त्याचा अर्थ हाच भाता.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासूनची. फर्नडेलपासून पाँटियाकपर्यंत सोळा मैल रस्ता गाड्यांनी भरून वाहतो. हा रस्ताही ऐतिहासिक, १९०९ मध्ये याच्याच एका मैलावर काँक्रीट ओतलं गेलं. आम्ही मियाता घेऊन त्या रांगेत शिरलो आणि चालण्याच्या वेगाने सरकू लागलो. बाहेर ३१ अंश.

आमच्या पुढे तीसच्या दशकातली एक काळी फोर्ड होती, बॉनेट काढलेली, आणि इंजिनावर उघडा उभा ६-७१ भाता. हा बघायची माझी फार दिवसांची इच्छा. जनरल मोटर्सच्या ट्रक-बसच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, सिलिंडर सहा. ते इंजिन टू-स्ट्रोक, भात्याने धूर लोटल्याशिवाय चालूच शकत नाही, म्हणून प्रत्येकाला एक रूट्स भाता. महायुद्धानंतर पोरांनी भंगारातून हे भाते काढले आणि आपल्या व्ही-८ इंजिनांवर चढवले. रस्त्यावरच्या गाडीला घरी भाता लावण्याची सगळी परंपरा त्या भंगाराच्या ढिगातून आलेली आहे. पट्टा चार बोटं रुंद, आणि गाडी नुसती उभी असताना येणारा तो किर्र आवाज छातीत उतरत होता. तिला कूलर नव्हता.

आमचा पडदा मात्र बोलत होता. वारा नाही, त्यामुळे नाकाशी गार व्हायचं पाणी तसंच परत येत होतं. इंजिनाची धग गाभ्यात मुरत होती. ४५, ५२, ५८. मला काळजी वाटली. दादा शांत होता. भात्याच्या पाठीशी एक बगल-झडप असते, पाय हलका असला की ती उघडते आणि भात्यातून गेलेली हवा परत त्याच्याच तोंडी येते. दाब शून्य, भाता जवळजवळ हलकाच फिरतो. तेव्हा हवा तापली तरी इंजिनाला धोका नाही. धोका पुढच्या क्षणी, रांग सुटून पाय दाबला की. त्यासाठी तक्त्यात त्याने ५५ अंशांच्या वर स्पार्क मागे घेणारा रकाना भरून ठेवला होता. "गाडी तोवर मियातासारखीच चालेल. आधी कमी देईल. निवली की सगळं देईल."

संध्याकाळी रांगेतून बाहेर पडून उत्तरेला निघालो. मोकळा रस्ता, दोन्हीकडे मक्याची शेतं. मैलभरातच पाणी निवायला लागलं, सहा-सात मिनिटांत हवा ४१ वर आली. एका जागी रस्ता सरळ आणि रिकामा होता. दादाने तिसरा टाकला आणि पाय दाबला. पुढून भात्याचा सूर चढत गेला, गिरणीत दळण सुरू होताना येतो तसा, मग त्याच्या वरचा. मी काट्याकडे बघितलं नाही, तापमान बघत होतो. ४१, ४३, ४६, ४७. तिथे ते थांबलं. कागदावरच्या ४९ च्या आत. खडखड नाही. दादाने पाय उचलला, ४५, ४३.

घरी आल्यावर त्याने इंजिन बंद केलं पण किल्ली एका खटक्यावर तशीच ठेवली, पाण्याचा पंप चालू राहावा म्हणून. अंधारात गॅरेजमध्ये तेवढा घूंऽऽ आवाज. बॉनेट उघडून मी दोन्ही नळ्या पुन्हा हातात धरल्या. डावी गार. उजवी कोमट, निवत चाललेल्या दुधाएवढी.